आधी समोरचा धक्का बघ

किंग्स्टन, ऑन्टारिओ
ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार

चि. बाळ यास,


तू पाठवलेली जाहिरात वाचली. एक एकराचं बेट, त्यावर जुनं लाकडी कॉटेज, पाइनची झाडं, दक्षिणेला तोंड करून बांधलेला धक्का, आणि ‘गॅनानॉक्वेपासून बोटीने दहा मिनिटं’. फोटो झकास आहेत, सगळे जुलैतले. खाली तू लिहिलंयस, ‘आत्या, टोरांटोतल्या एका फ्लॅटच्या पैशांत अख्खं बेट! तू जन्मभर लोकांचे कागद तपासलेस, यावरही एकदा नजर टाक.’ टाकली. पण कागदांच्या आधी थोडं बोलायचंय, आणि फोनवर तू मध्येच ‘हो गं, कळलं’ म्हणतोस, म्हणून लिहिते आहे.

जाहिरातीत जे नाही ते पहिलं विचारते. तुझी गाडी कुठे उभी राहणार?

हसू नकोस. मी ज्या वकिलांकडे काम केलं तिथे बेटांची प्रकरणं फार येत नसत, पण आली की भांडण बहुतेक वेळा किनाऱ्यावरचं असायचं. काही बेटांच्या खरेदीखतात मुख्य भूमीवरची एक चिंचोळी पट्टी, नाहीतर वहिवाटीचा नोंदवलेला हक्क असतो. गाडी लावायची जागा, पाण्यापर्यंत जायची वाट, बोट बांधायला खुंट. तसं बेट घेणाऱ्याला रात्री झोप लागते. बाकीच्यांनी मरिनामध्ये वर्षाच्या भाड्याने जागा घ्यायची, आणि मरिना विकली जाऊन तिथे इमारती उठल्या तर नवी शोधायची. सगळ्यात वाईट म्हणजे तोंडी व्यवहार. एकाच्या आजोबांनी किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याशी हातात हात घालून ठरवलं, की तुमच्या गोठ्यामागे आमची गाडी राहील. दोन पिढ्या राहिली. मग शेत विकलं गेलं, नव्या मालकाने वाटेवर साखळी लावली, आणि बेटाच्या मालकाला स्वतःच्या बेटावर जाता येईना. कायद्याने बेट त्याचंच होतं. कोणी हिरावून घेतलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बेट घेणारा माणूस खरं तर समोरचा किनारा घेत असतो, आणि तोच नेमका जाहिरातीत नसतो.

हार्ट आयलंडवरचा बोल्ट कॅसल तू पाहिलायसच. टूर-बोटीवरचा गाइड काय सांगतो तेही ऐकलं असशील. न्यूयॉर्कच्या वॉल्डोर्फ-अस्टोरिया हॉटेलचा सर्वेसर्वा जॉर्ज बोल्ट १९०० साली बायको लुईझसाठी १२० खोल्यांचा वाडा बांधायला घेतो, १९०४ च्या जानेवारीत लुईझ वारते, तो तारेने काम थांबवतो आणि पुन्हा त्या बेटावर पाऊल ठेवत नाही. १९७७ मध्ये इथल्या नदीवरच्या पुलाच्या प्राधिकरणाने वाडा ताब्यात घेतला तोवर त्र्याहत्तर वर्षं तिथे पाऊस आणि उडाणटप्पू पोरं नांदत होती. ऐकून बायका डोळे पुसतात. मी मात्र समोर बघत होते. समोरच्या मोठ्या वेल्सली बेटावर बोल्टचं प्रचंड बोटघर आहे, आणि तिथेच त्याची शेती होती. म्हणजे ज्याच्याकडे पैशाला तोटा नव्हता, त्यानेही आपल्या बेटावर सगळं मावेल असं मानलं नाही. बोटी आणि भाजीपाला पलीकडे ठेवला. त्या प्रेमकहाणीपेक्षा मला हा हिशेब जास्त पटतो.

आता एक एकराचं बघू. या भागात नवं बांधकाम पाण्यापासून ३० मीटर आत घ्यायचा नियम सर्रास लागतो. कागद-पेन्सिल घे. एक एकराचं अगदी गोल बेट धरलं तर त्याची त्रिज्या होते साधारण ३६ मीटर. काठापासून ३० सोड. मध्ये उरतं सहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे एका गुंठ्याहून जरासं जास्त. चाळीस गुंठे विकत घ्यायचे आणि बांधायला मिळणार एक! त्यात बेटं काही गोल नसतात, म्हणजे तेवढंही नाही. म्हणून ते कुबट, वाकलेलं कॉटेज पाहून नाक मुरडू नकोस. या व्यवहारात सगळ्यात मोलाचं तेच आहे, कारण ते नियमाच्या आधीपासून काठाला उभं आहे. आहे त्या पायावर डागडुजी करता येईल. ते पाडून काचेचं घर बांधायचं तू जे चित्र पाठवलंस, ते मात्र घडी घालून ठेव. आणि धक्का ज्या नदीच्या तळावर उभा आहे तो तळ तुझा नाही, सरकारचा आहे. धक्का लांबवायचा तर तिथेही विचारावं लागेल.

जमीन म्हणशील तर ती नाहीच, खडक आहे. हा सगळा पट्टा कॅनडाच्या अतिप्राचीन ग्रॅनाइटचा. पूर्वीच्या डोंगरांची टाळकी तेवढी पाण्यावर राहिली, त्यांची ही १,८०० च्या वर बेटं झाली. वर मातीचा थर इतका पातळ की संडासाचं पाणी मुरणार कुठे हा प्रश्न पडतो. सेप्टिकसाठी बाहेरून वाळू आणून उंचवटा बांधतात, आणि ती वाळू येते बार्जवरून. सिमेंट, फ्रिज, पत्रे, सगळं बार्जवरून. प्यायचं पाणी नदीतून खेचून, गाळून, अतिनील दिव्याखालून घ्यायचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी झेब्रा शिंपले इकडच्या पाण्यात शिरले, ते नळीच्या तोंडाशी घट्ट चिकटून बसतात. ते खरवडायला तुलाच पाण्यात उतरावं लागेल, आयटीतल्या माणसा! नदीची पातळीही तुझ्या मर्जीत नाही. २०१७ आणि २०१९ साली ती इतकी चढली की धक्केच्या धक्के पाण्याखाली गेले. एरवी शरद ऋतूत उतरते, मग जुलैत जिथून बोट बिनघोर जाते तिथे खडक पंख्याला लागतो. तो खडक नकाशात असतोही, पण खरा माहीत असतो तो तिथल्या माणसांना. विम्यावाला विचारेल की अग्निशमन दल किती लांब आहे. त्याला काय सांगशील ते बघ. बँकाही अशा ठिकाणी कर्ज द्यायला हात आखडता घेतात.

आणि थंडी. तू म्हणतोस ख्रिसमसला सगळे बेटावर जमू. बाळा, या नदीत डिसेंबरपासून एक काळ असा येतो की बोट जात नाही आणि बर्फावर पाय ठेववत नाही. मोठ्या जहाजांचा मार्ग, सीवे, जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतो, मार्चच्या अखेरीस उघडतो. समोरच्या वुल्फ आयलंडला सरकारी फेरी आहे. तिच्या वाटेत हवेचे बुडबुडे सोडून बर्फ धरू देत नाहीत, म्हणून तिथे बारा महिने माणसं राहतात. तुझ्या एकरभर बेटासाठी कोण बुडबुडे सोडणार? म्हणून लोक थँक्सगिव्हिंगला कॉटेज बंद करतात. नळातलं पाणी काढायचं, मोऱ्यांमध्ये अँटिफ्रीझ ओतायचं, उंदरांच्या भीतीने गाद्या टांगायच्या, बोट वर ओढायची. व्हिक्टोरिया डेला, मेमध्ये, पुन्हा उघडायचं. वापर पाच महिने, कर बारा महिने. त्या पाच महिन्यांतही शुक्रवारच्या संध्याकाळी टोरांटोहून निघालास तर काळोखात पोहोचशील, आणि काळोखात नवख्याने या नदीत बोट घालू नये.

एकांताचंही तसंच. गॅनानॉक्वेहून उन्हाळाभर टूर-बोटी सुटतात आणि त्यांचे भोंगे पाण्यावरून खूप लांब ऐकू येतात. झेव्हिकॉन बेटावरच्या लहानशा पुलाकडे बोट दाखवून ‘हा जगातला सगळ्यात छोटा आंतरराष्ट्रीय पूल’ असं सांगायची प्रथा आहे. दोन्ही टोकं कॅनडातच आहेत, पण सांगतात. उद्या तुझ्या धक्क्यावर तू लुंगी नेसून चहा पीत बसशील, तेव्हा तुझ्याबद्दलही काहीतरी सांगतील.

एक गोष्ट व्यवहाराची नाही, तरी लिहिते. ही बेटं मालकाविना पडलेली नव्हती. मिसिसागा लोक इथे मासेमारी-शिकारीला येत. १८५६ साली त्यांच्याकडून ती ब्रिटिश राजसत्तेने ‘विश्वस्त’ म्हणून लिहून घेतली, मग मोजणी होऊन सरकारने विकायला काढली. नावांची साखळी मागे मागे तपासत गेलं की कागद तिथे जाऊन थांबतो. तू पहिला मालक नाहीस आणि सगळ्यात भला व्यवहार करणाराही नसशील, एवढं डोक्यात असू दे.

शेवटी तू लिहिलंस, ‘इथे नाही जमलं तर कोकणात खाडीतलं एखादं बेट बघू.’ वाचून मी चष्मा काढून ठेवला. तू आता कॅनडाचा नागरिक. ओसीआय कार्डावर तुला भारतात फ्लॅट घेता येईल, पण शेतजमीन, मळा, फार्महाऊस परकीय चलनाच्या कायद्याच्या, फेमाच्या, नियमांत विकत घेता येत नाही, वारसाने आलं तर आलं. खाडीतल्या बेटाचा सातबारा काढ, तिथे भात, माड आणि खारजमीनच निघणार. तुझ्या पुण्याच्या चुलतभावाला पुढे करायचं मनात असेल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्याजवळच्या आणि खाड्यांमधल्या बेटांवर भरतीरेषेपासून २० मीटरपर्यंत बांधकामबंदी ठेवलीय. ती आधीपेक्षा सैल आहे, पण आहे. केरळात वेंबनाड तलावातल्या नेडियतुरुत्तु बेटावर रिसॉर्ट बांधलेल्यांनी तेव्हाचे सीआरझेडचे नियम गंमत समजून सोडले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तो पाडायचा आदेश कायम केला आणि २०२२ च्या सप्टेंबरात चोपन्न व्हिला तोडायला सुरुवात झाली. बांधणाऱ्यांकडे वकील कमी नव्हते.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मला आणि तुझ्या बाबांना आजोळची तर आठवते. ओहोटीला होडी धक्क्याला लागायची नाही, गुडघाभर चिखल तुडवायचा. पावसाळ्यात कोणी आजारी पडलं की आधी तरवाल्याच्या घरी माणूस धाडायचा, मग डॉक्टरचं बघायचं. पलीकडची माणसं पुलासाठी अर्ज करून थकली. अशा जागी ‘पूल नाही म्हणून छान आहे’ असं म्हणत पैसे मोजणारा गडी उतरला, तर लोक त्याला चहा पाजतील, पण मनातून काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.

तरी मी ‘घेऊ नको’ म्हणत नाही. नदी सुंदर आहे, आणि तुझ्या वयात हौस करायची नाही तर कधी? पण तू हे सगळं आईबाबांसाठी करतोयस असं लिहिलंस, तेव्हा वहिनीच्या गुडघ्यांचा विचार कर. हलत्या बोटीतून धक्क्यावर एक पाऊल टाकायचं असतं. तेवढं एक पाऊल तिला जमणार नसेल, तर दादाही बेटावर येणार नाही. तो किनाऱ्यावर तिच्याजवळ बसेल आणि तू पलीकडून हात हलवशील. त्यापेक्षा पुढच्या वर्षी असंच एखादं बेट दोन आठवडे भाड्याने घे, एकदा ऑगस्टात, एकदा ऑक्टोबरात. आईबाबांना दोन्ही वेळा घेऊन जा. बार्जवाला कोण, पाइप कोण दुरुस्त करतो, वादळात बोट कोण बघतं, या माणसांशी ओळख कर. ती माणसं जिथे राहतात त्या गावात मन रमलं, तर कदाचित तुला किनाऱ्यावरचंच घर आवडेल. समोर बेटं दिसतील, आणि कर दुसरा कोणी भरेल.

दलालाला मात्र आत्ताच सांग, नोव्हेंबरच्या अखेरीस बेट दाखव. ‘आता कशाला, मेमध्ये या’ म्हणाला तर ते त्याचं उत्तर झालं. तयार झाला तर मला किंग्स्टनहून उचल. चकल्या आणि थर्मॉस माझ्याकडे.

तुझी,
आत्या

ता. क. जाहिरातीत ‘धक्का’ आहे, ‘गाडीची जागा’ हे शब्द कुठेच नाहीत. मी तीनही पानं पुन्हा पाहिली. आणि सेप्टिकच्या परवान्याची प्रत मागव. विकणारा ‘सापडत नाही’ म्हणाला तर त्याच्या ‘सापडत नाही’वर किंमत ठरवू नकोस, सरकारी कचेरीत अर्ज कर.