मी पोळी खाल्लो

"मराठीच्या वर्गात व्याकरण कशाला? मुलांना नुसतं बोलतं करा," असं बरेच पालक मला सांगतात. त्यांच्यासाठी हा लेख.

आमचा मुलगा सहावीत असताना आम्ही सुट्टीत पुण्याला गेलो होतो. जेवताना तो आजीला म्हणाला, "आजी, मी पोळी खाल्लो." घरभर हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होते. नंतरचे तीन आठवडे तो सगळ्यांशी इंग्रजीतून बोलला आणि आजीशी नुसती मान हलवून. आजीला इंग्रजी येत नाही.

इथे परतल्यावर मनात आलं, त्याचं चुकलं तरी काय? 'मी आलो, मी बसलो, मी झोपलो' हे बरोबर, तर 'मी खाल्लो' का नाही? त्याने नियम लावला होता. त्याच्या पुढचा नियम त्याला कोणी दाखवलाच नव्हता.

त्या वर्षी त्याच्या शाळेत मदतीला गेले असताना इंग्रजीचा तास बघायला मिळाला. बाईंनी वाक्यांच्या पट्ट्या कापून मुलांना वाटल्या होत्या. मुलं त्या जुळवत होती, मोडत होती, भांडत होती. फळ्यावर एकही व्याख्या नव्हती. मी मात्र आपल्या रविवारच्या वर्गात 'स, ला, ते' घोकून घेत होते, आणि मुलं एकेक करून गळत होती.

पुढच्या रविवारी मीही कात्री घेतली. 'कुत्र्याने मुलाला पाहिलं.' तीन पट्ट्या. मुलांनी त्या कशाही फिरवल्या तरी अर्थ तोच राहिला. मग 'ने' आणि 'ला' कापून त्यांची अदलाबदल केली, तर लगेच मुलगा कुत्र्याकडे बघायला लागला! इंग्रजीत जे काम शब्दांची जागा करते, ते आपल्याकडे प्रत्यय करतो, हे मुलांना आपसूक कळलं. 'कुत्रा'चा 'कुत्र्या' आणि 'मुलगा'चा 'मुला' का होतो, हेही त्यांनीच विचारलं.

त्यानंतरच्या रविवारी टेबलावर आंबा, पोळी, केळं आणि द्राक्षं ठेवली. खायचं आणि काय खाल्लं ते सांगायचं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, द्राक्षं खाल्ली. खाणारा मुलगा असो की मुलगी, वाक्य तेच. "म्हणजे हे क्रियापद माझ्याकडे बघतच नाही, पोळीकडे बघतं," माझा मुलगा म्हणाला. 'कर्मणी प्रयोग' हे नाव मी त्यानंतर सांगितलं.

पण एका मुलीने मला पकडलंच. "काकू, मग मी 'दूध प्यायले' का म्हणते? आणि हा 'दूध प्यायलो' का?" मला उत्तर देता येईना. घरी येऊन वाळंब्यांचं व्याकरण उघडलं, पुण्याला फोन केला आणि यादी करायला घेतली: पिणे, शिकणे, विसरणे. ही क्रियापदं कर्म असूनही बोलणाऱ्याकडेच बघतात. पुढच्या वेळी मुलांनी त्यांना 'आगाऊ क्रियापदं' असं नाव ठेवलं.

वाचनही आम्ही असंच करतो. गोष्टीचं अर्धं पान घ्यायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगायचं, तिसऱ्याने प्रश्न विचारायचा. वाचणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही. नुसतं खडाखडा वाचता आलं म्हणजे कळलं असं नव्हे, हे दुसऱ्याची पाळी आली की उघड होतं.

वर्गाचा नियम एकच आहे: चुकीला हसायचं नाही. मंडळी, घरीही तो पाळा. मूल चुकलं तर आपण तेच वाक्य बरोबर करून सहज पुढे बोलावं. "हो का, पोळी खाल्लीस? अजून एक वाढू?" एवढं पुरतं.

परवा मुलगा आजीशी फोनवर बोलत होता. "आजी, आज मी डबा विसरलो आणि मित्राचा पिझ्झा खाल्ला."

मी स्वयंपाकघरात थबकले. दोन्ही क्रियापदं बरोबर! आजीच्या ते लक्षातही आलं नाही. तिने एवढंच विचारलं, "पोट भरलं का रे?"

वर्ग दर रविवारी सकाळी भरतो. कात्री मी आणते, फळं तुम्ही आणा.