टाकीपासून पेल्यापर्यंतचे अंतर

टॅपरूम म्हणजे जिथे बिअर तयार होते त्याच आवारात, ती तयार करणाऱ्याच्या देखरेखीखाली, टाकीतून नळावाटे थेट पेल्यात घेऊन पिण्याची जागा होय. साध्या बारमध्ये बिअर ही दुसरीकडून आलेली वस्तू असते, तर टॅपरूममध्ये ती त्या जागेचेच उत्पादन असते, आणि तेथील सारे सुख अखेर या एका फरकातून निघते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. ‘आवडत्या टॅपरूम आणि त्यांतील आनंदाची कारणे’ हा विषय संपादकांनी सुचवला तेव्हा सजावट, संगीत आणि खाद्यपदार्थ यांविषयी लिहिले जावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु या तिन्ही गोष्टी कोणत्याही उपाहारगृहात मिळतात. टॅपरूमचे वेगळेपण त्यांत नाही, आणि या व्यवसायाविषयी वर्षानुवर्षे होत आलेल्या गैरसमजाचे मूळही त्यांनाच मुख्य मानण्यात आहे.

पुण्याजवळच्या हिंजवडी–चाकण पट्ट्यात ही कल्पना परकी मानली जाते, पण या भूमीचा बिअरशी संबंध जुना आहे. आज पिंपरी–चिंचवड महापालिकेत मोडणाऱ्या दापोडी येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मीकिन कंपनीची ब्रुअरी होती, आणि खडकी व पुण्याच्या छावण्यांतील गोरे सैनिक हे तिच्या शेजारचेच गिऱ्हाईक होते. पुढे महाराष्ट्रातील बिअरचे मोठे कारखाने औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत एकवटले, आणि पिणाऱ्याचा बनवणाऱ्याशी असलेला संबंध पूर्णपणे तुटला. तो पुन्हा जोडण्याचे काम २००९ मध्ये पुण्यातील कोरिंथियन्स क्लबच्या आवारात सुरू झालेल्या ‘डुलाली’ने केले. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांच्या या मायक्रोब्रुअरीची, म्हणजे मर्यादित क्षमतेच्या छोट्या ब्रुअरीची, पहिली बिअर ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरने घडवली. २०१४ मध्ये मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ आणि कोरेगाव पार्कात ‘एफिनगट’ उभी राहिली, आणि त्यानंतर काही वर्षांतच ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने मीठ आणि कोकम घातलेली आंबटसर बिअर काढून या मातीतील चव परदेशी पद्धतीत सामावता येते हे दाखवून दिले. पुण्याने या क्षेत्रात मुंबईच्या आधी पाऊल टाकले, आणि याचा अभिमान या शहरातील ब्रुअरांनी मोकळेपणाने बाळगावा.

टाकीजवळ बसून पिण्याचे महत्त्व समजण्यासाठी थोडी प्रक्रिया समजून घ्यावी लागते. सातूला मोड आणून, ते वाळवून व भाजून माल्ट केले जाते. भरडलेले माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातील वितंचके पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. गाळून निघालेला गोड काढा हॉप्स या वेलीच्या कडवट, सुगंधी फुलोऱ्यांबरोबर उकळला जातो, आणि तो थंड करून त्यात यीस्ट सोडले की किण्वन सुरू होते. एल प्रकारची बिअर १६ ते २२ अंशांच्या दरम्यान काही दिवसांत आंबते, तर लागर ८ ते १२ अंशांना सावकाश आंबून पुढे कित्येक आठवडे थंडाव्यात मुरते. बाटलीबंद बिअर दूरच्या प्रवासासाठी सहसा तापवून निर्जंतुक केली जाते, पण प्राणवायू आणि उष्णता तिचा पाठलाग सोडत नाहीत, आणि उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या बाटलीत हॉप्सचा सुगंध विरून ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उतरते. गुऱ्हाळावरचा उसाचा रस आणि डब्यातला रस यांत जे अंतर असते, तेच टाकीतल्या आणि दूरवरून आलेल्या बिअरमध्ये असते. प्राग शहरात निर्जंतुक न केलेली बिअर टाक्यांतून थेट पाजणाऱ्या खास जागा आहेत, त्या याच कारणाने.

या विज्ञानाविषयीच्या अज्ञानाचा त्रास प्रत्येक ब्रुअरला सोसावा लागतो. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो विशिष्ट यीस्ट किण्वनात आयसोअमाइल ॲसिटेट आणि फोर-विनाइल ग्वायाकोल ही संयुगे निर्माण करते म्हणून. तरीही ‘यात अर्क घातला आहे का’ हा प्रश्न संपत नाही. तीच बिअर गढूळ असते, कारण तिच्यात यीस्ट आणि गव्हाची प्रथिने तरंगत असतात, पण गढूळपणालाच बिघाड समजून पेला परत पाठवला जातो. बर्फाने पांढरा झालेला मग मागणे हा आणखी एक हट्ट आहे: अतिथंडीने जिभेची जाण बोथट होते आणि मगावरच्या बर्फकणांमुळे वायू भराभर सुटून बिअर फेसाळते. फेसाविषयीची तक्रार मात्र अर्धी खरी आहे. सुगंध धरून ठेवण्यासाठी दोन बोटे फेस हवाच, पण ग्राहकाने पैसे द्रवाचे दिलेले असतात. जर्मनीत पेल्यावर मापाची रेघ असते आणि फेस तिच्या वर उभा राहतो. महाराष्ट्रातील प्रत्येक टॅपरूमने असे पेले वापरले तर हा वाद एका दिवसात मिटेल.

परंतु ज्या प्रश्नावर सर्वांत कमी बोलले जाते आणि सर्वांत अधिक बोलले पाहिजे, तो नळाच्या पाइपांचा आहे. टाकी आणि नळ यांना जोडणाऱ्या नळ्यांच्या आतील बाजूस यीस्ट आणि जिवाणूंचा चिकट थर बसतो, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचा ‘बिअरस्टोन’ नावाचा कठीण साका त्यांना आसरा देतो. लॅक्टोबॅसिलस बिअर आंबट करतो, तर पेडिओकोकस डायअसेटिल हे संयुग निर्माण करून तिला लोण्याचा वास आणतो; दोन्ही प्रसंगी ब्रुअरने महिनाभर घेतलेले कष्ट अखेरच्या काही फुटांत वाया जातात. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन दर दोन आठवड्यांनी अल्कलीने आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने नळ्या धुण्याची शिफारस करते, तसेच नळाची तोटी उघडून घासणेही आवश्यक मानते. काहींच्या मते टॅपरूममधील नळी आखूड असल्याने एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. हा युक्तिवाद मान्य करता येत नाही, कारण जिवाणू नळीची लांबी पाहून वाढत नाहीत. आखूड नळी धुण्याचा खर्च कमी असतो, त्यामुळे ती न धुण्याला सबब तर आणखीच कमी उरते. शेवटची धुलाई कोणत्या तारखेला झाली हे ग्राहकाने विचारावे आणि टॅपरूमने ते फळ्यावर लिहावे. ज्या जागेला हा प्रश्न अपमान वाटतो, तेथील दुसरा पेला घेऊ नये.

ही पायाभरणी पक्की असेल तरच बाकीच्या सुखसोयींना अर्थ येतो. उत्तम टॅपरूममध्ये टाक्या काचेपलीकडे दिसतात, आणि फळ्यावर बिअरचे नाव, मद्यार्काचे प्रमाण व कडवटपणा लिहिलेला असतो. छोट्या पेल्यांचा सॅम्पलर तिथे मिळतो, त्यामुळे नवख्याला एकाच मोठ्या मगाला बांधून घ्यावे लागत नाही. चखणा बिअरला साथ देणारा असतो, तिखटाने जीभ बधिर करणारा नसतो. भाजलेले शेंगदाणे किंवा कोथिंबीरवडी तिथे दहा परदेशी पदार्थांपेक्षा अधिक शोभते. डुलालीने पटावरचे खेळ टेबलावर आणून जे साधले ते संगीताचा आवाज वाढवून साधत नाही: अनोळखी माणसे बोलू लागतात आणि एक पेला तासभर पुरतो.

हिंजवडीच्या दृष्टीने या शेवटच्या गुणाचे मोल मोठे आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीन टप्प्यांत देशभरातून आलेली माणसे काम करतात, पण काम संपल्यावर एकमेकांना भेटण्याच्या जागा तिथे फार थोड्या आहेत. पुण्यातील पहिल्या टॅपरूम शहराच्या पूर्वेकडे उभ्या राहिल्या, आणि वाकडच्या कोंडीतून मुंढवा गाठेपर्यंत संध्याकाळ संपून जाते. त्यात कायद्याचेही पेच आहेत. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच वर्षी महापालिका हद्दींना त्यातून सूट मिळाली, तर ग्रामपंचायत क्षेत्रांबाबतचा निर्णय २०१८ मध्ये राज्यांवर सोपवला गेला. परिणामी महापालिकेतील वाकड आणि ग्रामपंचायतीतील हिंजवडी ही शेजारची गावे काही काळ दोन निराळ्या नियमांखाली होती. बिअरसाठी किमान वय २१ वर्षे आणि मद्यप्राशनाचा परवाना या अटी राज्यभर आहेत, आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क घेऊन वाहन चालवणे हा गुन्हा आहे. म्हणूनच चांगल्या टॅपरूमचा विचार पायी चालण्याच्या अंतराशी किंवा हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या स्थानकाशी जोडूनच व्हायला हवा. जिथून सुरक्षित परतता येत नाही ती जागा कितीही देखणी असली तरी आनंदाची म्हणता येत नाही.

एक प्रश्न मात्र या क्षेत्रातील जाणकारालाही स्वस्थ बसू देत नाही, आणि तो पाण्याचा आहे. एक लिटर बिअरमागे धुणे आणि थंड करणे धरून कित्येक लिटर पाणी खर्च होते, आणि २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातील मद्य उद्योगाच्या पाण्यात कपात करावी लागली होती. ज्या हिंजवडीत गृहसंस्था उन्हाळाभर टँकरची वाट पाहतात, तिथे ब्रुअरीने आपले पाणी कुठून येते, किती लागते आणि धुण्याच्या पाण्याचा पुनर्वापर कसा होतो हे उघडपणे सांगितले पाहिजे. छोट्या ब्रुअरीचा एकूण वापर मोठ्या कारखान्याच्या तुलनेत नगण्य असतो हे खरे असले, तरी प्रति लिटर वापरात ती अनेकदा अधिक उधळी ठरते, ही बाब व्यवसायाने मान्य करायला हवी.

टाकी आणि पेला यांच्यातील अंतर कमी होते तेव्हा जबाबदारी झटकण्याची सोयही कमी होते. चव बिघडली, माप कमी पडले, नळी धुतली गेली नाही किंवा पाणी वाया गेले, तर विचारण्यासाठी माणूस समोर उभा असतो, आणि त्याने उत्तर देणे हाच टॅपरूमच्या आनंदाचा गाभा आहे. पुढच्या काळात हिंजवडी–चाकण पट्ट्यात अशा जागा निघतील तेव्हा त्यांची पारख दिव्यांच्या माळांवरून न करता या उत्तरांवरून व्हावी, आणि विचारण्याचे काम पिणाऱ्यांनी स्वतःकडे घ्यावे.