सासवडची शेवंती

पुण्याहून निघून दिवेघाट चढू लागले, म्हणजे खाली मस्तानी तलाव दिसतो आणि वर येताच हवेत एकदम फरक जाणवतो. वारकऱ्यांच्या पायांखालचा हा रस्ता. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच घाटाने सासवडास मुक्कामाला जाते. कऱ्हेकाठच्या या गावी सोपानदेवांची समाधी आहे, पेशवे बाळाजी विश्वनाथांचीही आहे. परंतु गेल्या वर्षी दिवाळी आटोपताच आम्ही तिकडे गेलो, ते देवदर्शनासाठी नव्हे. एका रुसलेल्या झाडाची तक्रार घेऊन गेलो, असे म्हटले तर वाचक हसतील.

सासवड हे आमच्या मातोश्रींचे माहेर. लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात त्यांच्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या पिवळ्या शेवंतीच्या काश्या आमच्या वाड्याच्या मागील अंगणात रुजल्या, आणि पुढे साठ वर्षे देवघरातील फुलांची उणीव त्यांनी भासू दिली नाही. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली, तेव्हा चार कुंड्या आमच्याबरोबर तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आल्या. त्यांपैकी तीन दोन पावसाळ्यांत गेल्या. चौथी मात्र हिरवीगार फोफावली. पण दोन वर्षे झाली, तिला एक कळी म्हणून आली नाही. आम्ही खत बदलले, माती बदलली, कुंडी बदलली. मातोश्रींचे वय 82. डॉक्टरांनी हृदय अशक्त झाल्याचे सांगितलेले. त्या एवढेच म्हणाल्या, "मला एकदा सासवडास ने. तिथल्या माळ्यांना विचारू."

सासवडच्या पुढे एका मळ्यापाशी आम्ही थांबलो. सरींच्या दोन्ही अंगांस शेवंती फुलली होती. कोठे पिवळी, कोठे पांढरी. पहाटेपासून खुडलेली फुले पुण्यास गुलटेकडीच्या बाजारी रवाना झाली होती, आणि मळ्याचे धनी बांधावर चहा घेत बसले होते. त्यांनी मोठ्या अगत्याने सर्व रीत समजावून दिली. बहर सरला, की झाडे जमिनीलगत छाटतात. मग बुडख्याभोवती नवे फुटवे येतात, त्याच काश्या. चैत्र-वैशाखात त्या वेगळ्या करून दोन-दोन फुटांच्या सरीवर एकेक फुटाने लावावयाच्या. महिन्याभराने शेंडा खुडावयाचा, म्हणजे झाड उंच न जाता फांद्या फुटतात आणि जितकी फांदी तितके फूल. मावा पडला तर वेळीच आवरावा, आणि बुडाशी पाणी मुळीच साचू देऊ नये, मुळे कुजतात. आमच्या तीन कुंड्या कशाने गेल्या, ते येथे आम्हांस उमगले.

मातोश्रींनी चौथीची हकीकत सांगितली. ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आजी, रातीला दिवा पडतुया का तिच्यावर?"

त्यांनी आम्हांस मळ्याच्या कोपऱ्यात नेले. तेथे विजेचा खांब होता. साऱ्या शेतात पिवळा बहर, पण त्या खांबाच्या पायथ्याशी अर्ध्या वर्तुळात झाडे नुसती हिरवी! दिव्याचा उजेड जेथवर पोहोचत होता, तेथवर कळी नव्हती.

या गोष्टीमागील शास्त्र 1920 साली गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोन अमेरिकन संशोधकांनी प्रथम नीट मांडले. कित्येक वनस्पती दिवस-रात्रीची लांबी ओळखून फुलण्याची वेळ ठरवितात. शेवंती त्यांतलीच, रात्र पुरेशी लांब आणि अखंड काळोखाची झाल्याखेरीज ती कळी धरीत नाही. मध्ये उजेड पडला, तर तिला अजून उन्हाळाच वाटतो. हरितगृहांत बहर लांबविण्यासाठी व्यापारी मुद्दाम रात्री दिवे लावतात. आमच्या गच्चीसमोर रस्त्याचा दिवा होता, आणि तो रात्रभर जळत असे.

निघताना त्या गृहस्थांनी चार ताज्या काश्या देऊ केल्या. मातोश्रींनी हात जोडले. "नको रे बाबा. माझी आहे ती फुलू दे." हा हट्ट आम्हांस तेव्हा कळला नाही. परत येताना घाटात विचार केला, तेव्हा ध्यानात आले, की काशी हे झाडाचे मूल नव्हे. ते तेच झाड. आमच्या आजींच्या परसातील शेवंती आणि आमच्या कुंडीतील शेवंती यांत कोठेही खंड नाही.

घरी येताच कुंडीभोवती बांबूच्या चार काठ्या रोवल्या आणि काळे जाड कापड शिवून घेतले. सायंकाळी सहाला ते घालावयाचे, सकाळी सातला काढावयाचे. पाळी मुलांवर सोपविली. पहिल्या आठवड्यात दोनदा विसर पडला. मग मातोश्री स्वतःच दिवेलागणीस उठून जाऊ लागल्या. मार्गशीर्षात त्यांस अंथरूण धरावे लागले, तेव्हा शुभंकरोती झाली, की सर्वांत धाकटा नातू खोलीच्या दारातून ओरडे, "आजी, शेवंतीला पांघरूण घातलं!" त्याशिवाय त्यांस झोप येत नसे.

मार्गशीर्ष संपण्याच्या सुमारास कळ्या दिसल्या. संक्रांतीच्या सकाळी पहिले फूल उमलले. ते देवास वाहण्यापूर्वी मातोश्रींनी हाती घेऊन बराच वेळ पाहिले. बोलल्या काहीच नाहीत.

चैत्रात त्या हिंडूफिरू लागल्या. कुंडीत सात काश्या आल्या होत्या. त्यांनी तीन सुनांना आणि दोन लेकींना एकेक दिली, ओल्या फडक्यात गुंडाळून. दोन घरी ठेवल्या. देताना प्रत्येकीस एकच सूचना केली, "रात्री हिला काळोख लागतो, विसरू नका."