रिकामा शंख

जेट्टीवरून राधानगरच्या किनाऱ्याकडे जाताना आई गाडीच्या खिडकीला नाक लावून पाट्या वाचत होती. गोविंदनगर. श्यामनगर. कृष्णनगर. "अगं, सगळी आपल्या देवाचीच गावं की," माळकरी आई हरखून गेली. अंदमानातल्या या हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ साली स्वराज द्वीप झालं, पण गाडीवाला आणि त्याची गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. रस्त्याच्या कडेला भातखाचरं, सुपारीच्या बागा, अंगणात तुळस. फाळणीत पूर्व बंगालातलं घरदार गेलेल्या माणसांना १९५०च्या दशकात इथे जमिनी दिल्या. तेव्हा इथे घनदाट रान होतं. ते तोडून त्यांनी ही खाचरं घातली.

किनाऱ्याआधी एका आजीबाईंकडे शहाळी घ्यायला थांबलो. त्यांच्या गळ्यात तुळशीची कंठी होती. आईने ती पाहिली आणि स्वतःची माळ पदराआडून वर काढून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या बंगालीत बोलत होत्या, आई मराठीत, आणि गाडीवाला घाईला येईपर्यंत दोघी बोलत राहिल्या. काय बोललात, असं मी नंतर विचारलं. "त्यांचं पण गाव गेलंय," आई म्हणाली.

कोयनाकाठचं आईचं गाव ती लहान असताना धरणाच्या शिवसागर जलाशयात बुडालं. वासे, कौलं, जातं बैलगाडीत घालून माणसं निघाली. हे मी इतक्यांदा ऐकलंय, तरी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

राधानगरचा किनारा पाहिला की माणूस आपोआप हळू बोलू लागतो. मागे उंचच उंच झाडांची भिंत, समोर मऊ, फिकट वाळू, आणि पुढे उथळ पाण्याचा असा हिरवा-निळा रंग की आईला त्यासाठी फक्त लुगड्याचं नाव सुचलं. बाकीचे पाण्यात गेले. माझी लेक मात्र झाडांच्या सावलीत, भरतीच्या रेघेपाशी रमली. तिला एक शंख सापडला होता, बोराएवढा, तपकिरी, तोंडाशी गुलाबी झाक असलेला. हातावर घेतला तर आतून आधी एक नांगी आली, मग दोन बारीक डोळे, आणि शंख चालू लागला. ती किंचाळली, पण तिने तो टाकला नाही.

हर्मिट क्रॅब तो. त्याचा पुढचा भाग कवचाचा, पण मागचा, पोटाकडचा भाग मऊ, उघडा. स्वतःचा शंख त्याला करता येत नाही. गोगलगायीने मागे ठेवलेल्या शंखात तो राहायला जातो आणि वाढला की मोठा शंख शोधत फिरतो. घर बदलतानाच्या त्या दोन-चार क्षणांत कुणीही त्याला खाऊ शकतं. लेकीच्या फ्रॉकच्या खिशात पाच-सहा रिकामे शंख होते, मैत्रिणींना द्यायला. इथून शंख-पोवळी न्यायला बंदी आहे, ते मी तिला सांगणारच होते. पण आईच तिच्यापाशी वाळूत बसली आणि म्हणाली, "बाळा, कुणाला तरी लागतील गं ती घरं."

लेकीने खिसा उलटा केला. एकेक शंख तोंड वर करून, ओळीने मांडला. मग दोघी तिथेच बसून राहिल्या, कुणी येतंय का बघत.

अंदमान पूर्वेला इतकं दूर, आणि घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात पाच वाजून गेले न गेले तोच सूर्य पाण्याला टेकला. भावाला फोन लावला तर तो म्हणाला, मुंबईत अजून ऊन आहे.

परत निघताना अंधारात लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झोपली असं वाटत असतानाच तिने विचारलं, "आजी, तुझ्या त्या घरात आता कोण राहतं?"

"मासे," आई म्हणाली, आणि तिच्या केसांतली वाळू काढत राहिली.