शंभर खणांचे कपाट

2019 साली दारफाळणीचा सण आणि सुक्कोथ आटोपून आम्ही धाकट्या बहिणीसोबत जपानच्या सहलीला गेलो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासणीला दिला होता. रिपोर्ट परतल्यावर मिळायचा होता. त्याविषयी बोलायचे नाही, असे दोघींनी ठरवले होते.

टोकियोच्या आसाकुसा भागात सेन्सोजी नावाचे जुने बौद्ध मंदिर आहे. तेथे ‘ओमिकुजी’ म्हणजे भविष्याच्या चिठ्ठ्या मिळतात. शंभर येन पेटीत टाकायचे, धातूचा डबा खुळखुळवायचा, बारीक भोकातून एक काडी बाहेर येते. काडीवर आकडा असतो, त्या आकड्याचा खण उघडून चिठ्ठी घ्यायची. शंभर खणांचे ते लाकडी कपाट पाहून आम्हांला वॉर्डातले औषधांचे कपाटच आठवले! ‘किची’ म्हणजे शुभ, ‘क्यो’ म्हणजे अशुभ. इतर ठिकाणी क्यो कमी ठेवतात म्हणे, पण येथे शंभरांत सुमारे तीस क्यो. जुनी पद्धत त्यांनी बदललेली नाही.

शकुन पाहू नये असे तोरा सांगते, हे आम्हांला ठाऊक आहे. बहीण तर म्हणाली, “ताई, आपला कागद दारफाळणीला वर मोहरबंद झाला. हा दुसरा कशाला?” आणि तिनेच डबा उचलला.

तिचा चष्मा पिशवीच्या तळाशी गेला होता. इंग्रजी मजकूर आम्ही वाचला. क्यो. आजारी माणसाला बरे व्हायला फार वेळ लागेल, असे लिहिले होते.

नोकरीत असताना नातेवाईक बाजूला घेऊन सांगत, “सिस्टर, तिला काही कळू देऊ नका.” आम्हांला फार राग येई. त्या दिवशी आम्ही चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणालो, “चांगली आहे.”

पण वाईट चिठ्ठी तिथल्याच तारेला बांधून यायची, म्हणजे अशुभ मागे राहते, अशी रीत आहे. चांगली घरी न्यायची. बहिणीने ती आनंदाने पर्समध्ये टाकली! ‘बांध’ म्हणावे तर खोटे उघडे पडणार. यरुशलाईमच्या कोथेलच्या फटीत आपण चिठ्ठ्या ठेवतो, त्या वर्षातून दोनदा काढून जैतुनाच्या डोंगरावर पुरतात. येथल्या पुढे जाळतात. हिची मात्र आमच्याबरोबर विमानात बसली.

रिपोर्ट वाईटच आला. ऑपरेशन झाले, मग औषधे, केस गेले, जवळजवळ दोन वर्षे गेली. आता ती बरी आहे, देवाची कृपा.

गेल्या पेसाहच्या साफसफाईत ती चिठ्ठी तिच्या सिद्दूरमधून पडली. आम्ही गप्प झालो. ती म्हणाली, “विमानातच वाचली होती. तू झोपली होतीस. तुला बरे वाटावे म्हणून बोलले नाही.”

मग पुन्हा घडी घालून तिने ती होती त्याच पानात ठेवली.