करुणा तळमजल्यावर भेटते

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचे गाव. सातवाहन काळात कल्याण व सोपारा या बंदरांतील माल याच घाटाने जुन्नरकडे जात असे. जुन्नरच्या परिसरात बौद्ध लेण्यांचे मोठे समूह कोरले गेले. मात्र सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना ही चढण झेपत नाही. अशा ज्येष्ठांनी त्याच जुन्या वाटेची दुसरी दिशा धरावी व कल्याणमार्गे मुंबईस जावे. तेथे बौद्ध व ताओपंथी मंदिरे आणि आधुनिक स्थापत्य एका दिवसात, बेताने पाहता येते.

पहाटे न्याहारी करून निघावे. कल्याणहून लोकलने भायखळा आणि तेथून टॅक्सीने माझगाव गाठावे. डॉकयार्ड परिसरातील सी यूप मंदिर १९१९ साली चिनी समाजाने बांधले. वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा तिसऱ्या शतकातील सेनानी ताओपंथी देवता म्हणून पूजिला जातो. तळमजल्यावर करुणेची देवी क्वान यिन आहे. क्वान यिन हे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचेच चिनी रूप. त्याची अकरा मस्तकांची मूर्ती कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात आहे. भारतातून चीनला गेलेली ही करुणा तेथे देवी झाली आणि खलाशांच्या सोबतीने पुन्हा पश्चिम किनाऱ्यावर आली.

वर जाण्यास जिना चढावा लागतो. येथे सोबतच्या मुलासुनांची कसोटी लागते. “एवढे आलात तर वरही चला” हा आग्रह प्रेमापोटी असला, तरी दमलेल्या पायांना तो घातक ठरू शकतो. ज्यांना जिना नको, त्यांनी खाली निवांत बसावे. त्यांचे दर्शन अपुरे राहिले असे कोणी म्हणू नये. दम्याचा त्रास असल्यास उदबत्त्यांच्या धुरापासून दूर, दाराजवळ बसावे.

दुपारचे भोजन व औषधे घरच्याच वेळी घ्यावीत. मधुमेह असलेल्यांनी तर यात मुळीच ढिलाई करू नये. थोडी विश्रांती झाल्यावर वरळीचे निप्पोन्झान म्योहोजी मंदिर पाहावे. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी यांच्या संप्रदायाचे हे मंदिर १९५६ साली उभे राहिले. येथील उपासनेत मंत्राबरोबर ढोलाचा ठेका असतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्याचा आवाज आधीच कमी करून ठेवावा.

शेवटी वांद्रे-वरळी सागरी सेतू. २००९ साली खुला झालेला, सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा हा पूल मनोऱ्यांपासून निघालेल्या पोलादी तारांनी तोलून धरला आहे. तो टॅक्सीत बसल्या बसल्या पाहता येतो, हे थकल्या पायांना मोठेच सुख. पुलावर वाहन थांबवता येत नाही. म्हणून स्वच्छतागृहाची सोय त्याआधीच पाहावी.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. मंदिरे उघडी असल्याची खात्री आदल्या दिवशी करावी. तीन ठिकाणांचा बेत दोनांवर आला, तरी हिरमुसू नये. आजीआजोबा ज्या पायरीवर थांबतील, तेथेच त्यांच्या शेजारी बसावे. सहलीचा वेग त्यांनीच ठरवावा.