काळी, पांढरी आणि तांबडी

भूमिअभिलेख खात्यात मी चौतीस वर्षे नोकरी केली, आणि त्या अवधीत गावांचे, गटांचे, पाणंदींचे व ओढ्यांचे जे शेकडो नकाशे माझ्या हातांखालून गेले, ते सारे आकाशातून खाली पाहणाऱ्या डोळ्याला जमीन जशी दिसावी तसेच काढलेले असले, तरी तो डोळा माझा कधीच नव्हता. मी ती जमीन पाहिली ती बांधावर उभा राहून, साखळीचे टोक धरून, गुडघाभर ज्वारीत. विमानाच्या खिडकीतून जे दिसते त्याला मी जमीन पाहणे म्हणत नाही, कारण तेवढ्या उंचीवरून बांध दिसत नाही, आणि ज्याला बांध दिसत नाही त्याला शेत दिसले असे म्हणता येणार नाही. म्हणून २०१९ च्या जानेवारीत मिसरच्या प्रवासात असताना लुक्सॉर मुक्कामी माझी मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, जन्मभर कागदावर वरून पाहिलंत, आता एकदा खरोखर वरून पाहा," तेव्हा बलूनमध्ये बसायला मला नाही म्हणवेना. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच गावाच्या आकाशात एका बलूनला आग लागून त्यातल्या एकवीस माणसांपैकी एकोणीस मरण पावली होती, हे मला ठाऊक होते, तिलाही ठाऊक होते. रात्री जेवताना आम्ही दोघांनीही त्याचा उच्चार केला नाही.

मन तयार व्हायला आणखी एक कारण घडले होते. आदल्या दिवशी पश्चिम तीरावर शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीत मेन्ना नावाच्या एका अधिकाऱ्याची कबर आम्ही पाहिली. हा मेन्ना राजा नव्हे, सेनापतीही नव्हे; सुमारे चौतीसशे वर्षांपूर्वी तो फारोच्या शेतांचा लेखनिक होता, म्हणजे आमच्या भाषेत सांगायचे तर जमिनीच्या दप्तराचा मुख्य कारभारी. त्याच्या कबरीच्या भिंतीवर, रंग अजून ओले असावेत असे वाटावे इतक्या ताजेपणाने, उभ्या गव्हात दोरी ताणून मोजणी करणारी माणसे चितारलेली आहेत. पीक कापण्यापूर्वीच शेत मोजून सरकारी धान्याचा आकडा ठरवायचा, ही ती पद्धत, आणि आमच्याकडच्या उभ्या पिकाच्या आणेवारीशी तिचे नाते सांगायला मला कोणा पंडिताची गरज भासली नाही. तिथेच खालच्या बाजूला सरवा वेचता वेचता दोन मुली एकमेकींचे केस ओढून भांडताहेत, आणि दुसरीकडे एक मुलगी मैत्रिणीच्या तळपायातला काटा काढते आहे. मेन्नाच्या चित्रातले डोळे मात्र कोणीतरी वैऱ्याने खरवडून टाकलेले आहेत. मोजणीदाराचे डोळेच काढून घ्यावेत, म्हणजे परलोकात त्याला आपली शेते दिसू नयेत, हा सूड मला फार क्रूर वाटला. त्या काळची मोजणीची दोरी शंभर हातांची, सुमारे बावन्न मीटरची असे, आणि तिच्या चौरसात बसणारे क्षेत्र आपल्या सत्तावीस गुंठ्यांइतके भरते. मी ज्या साखळीवर शिकलो ती तेहेतीस फुटांची आणि सोळा आण्यांची होती. हा हिशेब मी कबरीतून बाहेर पडताच उन्हात उभा राहून केला.

पहाटे चार वाजता आम्ही नाईल ओलांडली. होडीत चहाचे पेले हातात देण्यात आले, पण थंडी इतकी होती की चहा पिण्यापेक्षा तो धरून ठेवण्यातच सुख होते. पैलतीरी कुर्न्याच्या शिवारात अंधारात दहाबारा बलून आडवे पसरलेले होते, आणि मोठमोठे पंखे त्यांच्या तोंडाशी लावून आत थंड हवा भरण्याचे काम चालले होते; ते पोट फुगून आले की मग ज्वाला आत सोडायची, हवा तापली की ती विरळ व हलकी होते, भोवतालची गार हवा तिला वर ढकलते, आणि पडून राहिलेले ते अजस्र कापड हळूहळू उभे राहते. याहून अधिक गूढ त्या यंत्रात काही नाही. १७८३ साली पॅरिसमध्ये माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून पहिली दोन माणसे मोकळ्या आकाशात गेली, तेव्हा खाली गवत आणि पेंढा जाळला होता. आज नळकांड्यांतला वायू जळतो, इतकाच फरक. मात्र या वाहनाला सुकाणू नाही. कॅप्टनच्या हाती फक्त चढणे आणि उतरणे असते, दिशा वाऱ्याची. आणि ऊन तापून वाळवंटावरची हवा उसळू लागण्यापूर्वी, पहाटेच्या स्थिर घटकेतच, हा सारा व्यवहार उरकावा लागतो. वाऱ्याची खात्री होऊन परवानगीचा निरोप येईपर्यंत आम्ही अर्धा तास टोपलीजवळ तिष्ठत होतो.

टोपली वेताची होती, तिच्या कडेला कातडे शिवलेले होते, आणि आत जनावरांच्या गोठ्यासारखे कप्पे पाडलेले होते. ज्वाला सुटली की टाळू भाजून निघे, आणि तिचा आवाज एखादा प्रचंड स्टोव्ह डोक्यावर पेटल्यासारखा. पण ती बंद झाली की जी शांतता येई, तिच्यासाठी मी काहीच तयारी केलेली नव्हती. आपण वाऱ्याबरोबरच चाललेले असल्यामुळे वारा अंगाला लागत नाही. कधी सुटलो ते कळलेच नाही. आपण स्थिर आहोत आणि भूमीच मंदपणे खाली उतरते आहे, असे वाटले. खालून कोंबडा आरवलेला ऐकू आला, मग कुत्री, मग एका गाढवाचे ओरडणे, आणि मग एका घराच्या धाब्यावर कणकेचे गोळे उन्हात फुगण्यासाठी मांडून ठेवणारी एक बाई दिसली, जिने वर पाहिलेदेखील नाही.

पूर्वेकडे कर्नाकच्या मागे आकाश तांबूस होत होते. अशा वेळी सर्वजण सूर्याकडे पाहतात, पण मी पाठ फिरवून पश्चिमेकडे पाहत राहिलो, आणि त्याचे मला समाधान आहे. कारण प्रकाश प्रथम पडला तो अल-कुर्न या शिखरावर, जे निसर्गतःच पिरॅमिडच्या आकाराचे आहे आणि ज्याच्या पलीकडच्या कुशीत राजांची दरी आहे; तिथून तो कड्यावरून सावकाश उतरला, जसा एखादा माणूस हाताने आधार घेत पायऱ्या उतरतो तसा, आणि कड्याच्या पायथ्याशी हात्शेप्सुत राणीच्या मंदिराच्या तीन पायऱ्यांवर आला. मागचा कडा सरळ उभा, उंच, आणि त्याच्या उभ्या भेगांशी सूर धरून उभ्या केलेल्या त्या स्तंभांच्या रांगा. मंदिराचा अक्ष नदीपलीकडच्या कर्नाककडे रोखलेला आहे, हे पुस्तकात वाचले होते. वरून पाहताना दोन तीरांमधली ती अदृश्य रेषा मला साखळी टाकल्यासारखी स्पष्ट दिसली. हात्शेप्सुतच्या मृत्यूनंतर तिचे नाव आणि तिच्या आकृती या भिंतींवरून छिनून काढण्यात आल्या. रेषा मात्र कोणाला पुसता आली नाही.

आणि मग प्रकाश सपाटीवर उतरला, तेव्हा जे पाहण्यासाठी मी आलो होतो हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हते, ते दिसले. ती हद्द होती. एका बाजूला ऊस, गहू आणि बरसीम यांचा दाट हिरवा पट्टा, त्यात पाटांच्या चकाकत्या रेघा आणि घरचुलींचा खाली रेंगाळणारा धूर. दुसऱ्या बाजूला गवताची काडीही नसलेले तांबूस वाळवंट. आणि दोहोंच्या मध्ये उतार नाही, संक्रमण नाही, मुरमाड माळाचा तुकडाही नाही, नुसती एक रेघ. प्राचीन मिसरी लोक आपल्या देशाला काळी भूमी म्हणत आणि वाळवंटाला तांबडी. आमच्या गावगाड्यातही दोनच शब्द होते, काळी आणि पांढरी. पिकते ती काळी आणि माणूस राहतो ती पांढरी. तिसरी, मेलेल्यांची, आम्ही वेगळी अशी राखली नाही. इथे ती शिवारभर लांब पसरलेली होती, आणि त्या रेघेच्या बरोबर पलीकडे, पहिल्याच वाळूवर, राजांच्या स्मारक-मंदिरांची रांग लागलेली होती.

मी ज्या भाषेत आयुष्य घालवले त्या भाषेत हा सारा टापू पोटखराबा ठरला असता: लागवडीस अयोग्य, आकारणी नाही. राजांनी आपल्या अनंतकाळासाठी नेमका तोच निवडला. त्यात कोरडेपणाचा, कड्याचा, मावळतीच्या दिशेचा विचार असणारच. परंतु ज्याने एकेका गुंठ्यासाठी भावाभावांना कोर्टात झगडताना पाहिले आहे, त्याला हेही दिसल्यावाचून राहत नाही की पिकाऊ जमिनीतला एक हातही मृतांसाठी खर्ची घालायचा नाही, असा जणू हुकूमच इथे होता. आणि ज्याने तो मोडला, त्याचे काय झाले तेही आमच्या डाव्या अंगाला शेतांत उभे होते. तिसऱ्या आमेनहोतेपने आपले मंदिर पुराच्या काळ्या जमिनीत बांधले. भूकंपाने आणि पाण्याने ते बसले, त्याचे दगड इतरांनी नेले, आणि आज त्याच्या दाराशी बसवलेले सुमारे अठरा मीटर उंचीचे ते दोन पुतळे उसाच्या आणि गव्हाच्या मधोमध बसून आहेत. त्यांतला एक पुतळा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सूर्योदयाच्या वेळी सूर काढीत असे, आणि तो ऐकायला १३० साली रोमचा बादशहा हेड्रियन स्वतः आला होता. आम्ही त्यांच्यावरून गेलो ती नेमकी तीच घटका होती.

वारा उत्तरेचा होता. त्याने आम्हांला आधी रामेसियमवरून नेले होते, आणि तिथे माझे लक्ष दुसऱ्या रामसेसच्या कोसळलेल्या महामूर्तीपेक्षा मंदिराच्या मागे आणि बाजूंना पसरलेल्या कच्च्या विटांच्या कोठारांकडेच अधिक गेले. कमानींच्या लांबट खोल्या, एकीला लागून एक, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. जमिनीवरून पाहताना त्या नुसत्या पडक्या भिंती वाटतात. वरून पाहिले की कळते, मंदिर हे मधले अंगण आहे आणि खरा विस्तार धान्याचा आहे. मेन्नासारख्या माणसांनी दोरीने मोजून ठरवलेले धान्य याच कोठारांत येई, आणि इथूनच ते पलीकडच्या खोऱ्यात दैर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीला पोचे, जिची इवली इवली घरे एका गल्लीच्या दोहों बाजूंना नकाशावरच्या चौकटींसारखी दिसत होती. राजांच्या कबरी कोरणारे हे लोक धान्याच्या वेतनावर राबत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी ते धान्य थकले, तेव्हा हत्यारे टाकून ते वस्तीबाहेर पडले आणि मंदिरांच्या आवारात जाऊन बसले. भुकेने आणि तहानेने आम्ही इथे आलो आहोत, असे त्यांनी सांगितल्याचे तत्कालीन लेखनिकाने पपायरसवर नोंदवून ठेवले आहे. माणसे संपावर गेल्याची याहून जुनी नोंद जगात सापडलेली नाही. त्या लेखनिकाबद्दल मला आदर वाटतो. वरिष्ठांना न रुचणारी गोष्ट दप्तरी दाखल करणे किती अवघड असते, हे मला माहीत आहे.

कुर्न्याची पांढरी मात्र आता उरलेली नाही. टेकडीवर कबरींच्या तोंडाशी जी रंगीत घरे पिढ्यान् पिढ्या उभी होती, ती या शतकाच्या पहिल्या दशकात उठवली गेली आणि रहिवाशांना दूर नव्या वसाहतीत नेण्यात आले. वरून टेकडीवर घरांचे पांढुरके डाग दिसत होते, चुलीची राख पुसून काढल्यावर उरतात तसे. कबरींच्या रक्षणासाठी ते आवश्यक होते, हे मला मान्य आहे. तरी ते डाग पाहताना मला धरणाखाली गेलेल्या आमच्याकडच्या गावठाणांची आठवण आली आणि थोडा वेळ मी मुलीशी बोललो नाही.

मदिनत हाबूच्या मंदिराजवळून जाऊन आम्ही उतरू लागलो. आमच्या बलूनची सावली, जी इतका वेळ दूर कड्यावर तरंगत होती, ती आता शेतांतून आमच्याकडे धावत येऊ लागली. पाठ टेकून, गुडघे वाकवून, दोरीच्या कड्या धरून बसायचे, असे कॅप्टनने शिकवून ठेवले होते. टोपली दोनदा टेकली, थोडी फरफटली, आणि थांबली. तोडलेल्या उसाच्या रिकाम्या फडात आम्ही उतरलो होतो, आणि शेजारच्या बरसीमला धक्का लागला नव्हता, हे मी प्रथम पाहून घेतले.

त्या बरसीममध्ये एक वृद्ध शेतकरी विळ्याने म्हशीसाठी वैरण कापीत होता. मी बांधापाशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्याने मला 'हाग्ग' म्हणून संबोधले, वडीलधाऱ्याला तिकडे म्हणतात तसे. आमच्या वाटाड्याच्या मदतीने मी त्याला पीक कसे आहे ते विचारले, आणि त्याच्या उत्तरात एक शब्द ऐकून मी थबकलो: महसूल. वाटाड्याला मी तो पुन्हा विचारला. अरबीत महसूल म्हणजे पीक, तो म्हणाला. शेतातून हाती येते ते. ज्या खात्यात मी आयुष्य काढले, ज्याच्या नावाचे शिक्के मी हजारो कागदांवर उमटवले, त्या नावाचा मूळ अर्थ मला एका विळ्याच्या पात्यापाशी कळला. कर नव्हे, भरणा नव्हे, पीक.

मग मी त्याची परवानगी घेतली आणि जुन्या सवयीने त्याचे शेत पावलांनी मोजले. तोही विळा खांद्याला लावून माझ्याबरोबर बांधाबांधाने चालू लागला. लांबी ब्याण्णव पावले, रुंदी तेहेतीस. माझे पाऊल अडीच फुटांचे. मनातल्या मनात गुणाकार केला: सतरा गुंठे, आणि वर थोडे. तेवढ्यात त्याने दोन्ही हातांची दहाही बोटे माझ्यापुढे उघडून धरली. दहा किरात, वाटाड्याने सांगितले. चोवीस किरातांचा एक फेद्दान, आणि फेद्दान म्हणजे बेचाळीसशे चौरस मीटर. मुलीने फोनवर आकडे टाकले आणि तो माझ्यापुढे धरला: सव्वासतरा गुंठ्यांहून किंचित अधिक. मी माझी दहा बोटे उघडून त्याच्या बोटांसमोर धरली, आणि त्याने मान हलवली.